एआय-एमएल मिळालं नाही? बरं झालं

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की माझा फोन तापतो. पलीकडे बाबा, मागून आईचा आवाज. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मुलगा कुठेच नसतो. प्रश्न दरवर्षी तोच: "सर, कॉम्प्युटर हुकलं, इन्स्ट्रुमेंटेशन मिळालंय. मॅनेजमेंट कोट्यातून एआय-एमएल बघायचं का?" यंदा एका बाबांनी तर गावाकडचं शेत विकायची तयारी दाखवली. म्हटलं, मुलाला फोन द्या. मुलगा हळूच म्हणाला, "मला सोल्डरिंग आवडतं." बाबांनी फोन काढून घेतला.

म्हणून आज जरा फटकळपणे लिहितो. कोड लिहिण्यात रमत असेल, गणिताची भीती नसेल, त्याने कॉम्प्युटर खुशाल घ्यावं. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा यांबद्दल सांगणारे तुमच्याच गल्लीत दहा जण भेटतील. पण शेजारच्या मुलाने घेतलं म्हणून लाखो रुपये मोजून शाखेचं नाव विकत घेणं हा मुलाच्या करिअरचा विचार नव्हे, तुमच्या लग्नसमारंभातल्या गप्पांची सोय आहे.

त्यापेक्षा मला आजवर एकाही पालकाने न विचारलेलं एक काम सांगतो. फायर अलार्मच्या यंत्रणेचं.

जुन्या पद्धतीच्या पॅनेलवर आग लागली की झोनचा दिवा पेटतो. तिसरा मजला, बस्स. खोली आपण धावत शोधायची. ॲड्रेसेबल पॅनेलचं तसं नसतं. दोन तारांचा लूप पॅनेलमधून निघतो, इमारतभर फिरतो आणि पॅनेललाच परत येतो. वाटेतल्या प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, आणि अनेक डिटेक्टरांवर तो माणसाच्या हातानेच पडतो: पाठीमागच्या दोन बारक्या चकत्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून, एक दशकाची, एक एककाची. पॅनेल मग शाळेतल्यासारखी सगळ्यांची सतत हजेरी घेत राहतं.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत असं पॅनेल इमारतीबाहेरच्या मॉनिटरिंग स्टेशनला वर्दी देतं आणि तिथला ऑपरेटर अग्निशमन दलाला कळवतो. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेली एक भाषा म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी. पूर्वी ती टेलिफोनच्या सुरांवरून जायची, आता इंटरनेटवरून किंवा सिमकार्डावरूनही जाते, पण आकड्यांचा साचा तोच. आधी इमारतीचा चार अंकी खातेक्रमांक. मग १८, म्हणजे निरोप या भाषेतला आहे. मग १, म्हणजे नवी घटना. सगळं पूर्ववत झालं की ३. मग १११, म्हणजे धूर. मग दोन अंकी विभाग आणि शेवटी तीन अंकी पॉइंट, म्हणजे नेमका कोणता डिटेक्टर, समजा ०४७. तपासणीचा एक अंक जोडला की निरोप संपला.

"तिसरा मजला, प्रयोगशाळा" हे शब्द त्यात नाहीतच. स्टेशनच्या संगणकात ०४७ समोर कुणीतरी जे टाइप करून ठेवलंय, तेच ऑपरेटर वाचणार. मधल्या काळात प्रयोगशाळेचं कँटीन झालं आणि यादी कुणी बदलली नाही, तर बंब वेळेत येईल आणि जवान भलत्याच दाराशी जातील.

शिवाय तीन अंकांत मावतात फक्त ९९९ पॉइंट. काही पॅनेलांच्या एका लूपवर १५९ डिटेक्टर आणि १५९ मोड्यूल, म्हणजे बाकीची साधनं लूपला जोडणारे डबे, बसतात. चार लूप धरले तर १२७२. मग कोणते पॉइंट एका आकड्याखाली बांधायचे, हे कुणीतरी डोकं लावून ठरवावं लागतं. आळशी माणूस सगळ्यांना मिळून एकच 'आग' पाठवतो. बाहेर इमारत कळते, खोली कळत नाही.

आपल्याकडे मॉल, रुग्णालयं, डेटा सेंटर यांच्या कंट्रोल रूममध्ये नंबर आणि जागा जुळवण्याचं हेच काम चालतं. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. म्हणजे इमारत बांधून झाली की काम संपलं, असं इथे होत नाही.

माझा एक विद्यार्थी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून यात पडला. एकदा त्याच्यामागे एका रुग्णालयात हिंडलो. हातात लांब दांडी, टोकाला कप, कपात धुराचा स्प्रे. तो डिटेक्टरला कप लावायचा आणि खाली पॅनेलपाशी उभा असलेला जोडीदार वॉकीटॉकीवर वाचायचा. "लूप दोन, त्रेपन्न, लिनन रूम." आम्ही उभे होतो लहान मुलांच्या वॉर्डात. साफसफाईला काढलेले दोन डिटेक्टर परत लावताना अदलाबदल झाले होते. पॅनेलला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. हजेरीला दोघेही हजर. पोराने वहीत लाल शाईने नोंद केली आणि शिडी मागवली.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि रात्री दोनला 'फॉल्ट आलाय' म्हणून फोन येतो, हेही ऐकून ठेवा. वाटा तशा साध्या आहेत: आयटीआय, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा तुम्ही ज्याला रडताय ते इन्स्ट्रुमेंटेशन. फायर इंजिनिअरिंगची पदवीच हवी तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. मात्र 'फायर अँड सेफ्टी, आखातात नोकरीची हमी' असे फलक लावणाऱ्या क्लासांपासून सांभाळा. आखातात नोकऱ्या आहेत, हमी खोटी आहे. आत जाऊन दोनच गोष्टी विचारा: मान्यता कुणाची, आणि पॅनेल उघडून लूप जोडायला देता का? भिंतीवर नुसते लाल सिलिंडर टांगलेले दिसले तर चहा न घेता बाहेर पडा.

आणि सोल्डरिंगवाल्या पोरा, हे वाचत असशील तर तुमच्या सोसायटीच्या लॉबीत जा. पॅनेल असेल तर बहुधा फॉल्टचा पिवळा दिवा लागलेला असेल आणि बझर कुणीतरी दाबून गप्प केलेला असेल. कधीपासून, ते वॉचमनकाकांना विचार. डिटेक्टरांची यादी कुणाकडे आहे, तेही विचार. मग मला फोन कर. बाबांना आधी न सांगता केलास तरी चालेल.