टायरचं 'प्रोटेक्शन' : घ्यावं की न घ्यावं?

नव्या गाडीचं कोटेशन तुम्ही कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय का? एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, मॅट्स, आणि त्याखाली हळूच बसलेली एक ओळ : 'टायर अँड रिम प्रोटेक्शन'. शोरूममधला सेल्समन म्हणतो, "आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत साहेब!" रस्ते आपल्याला माहीत असतातच, त्यामुळे मान आपोआप हलते आणि सही होऊन जाते.

यंदा आमच्या घरी पहिली कार घ्यायचं ठरलं. बाबा नागापूर एमआयडीसीत नोकरीला आहेत. डाऊन पेमेंटमध्ये त्यांच्या कित्येक वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते. कोटेशनमध्ये ही ओळ तीन वर्षांसाठी ७,००० रुपयांची होती. "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग, हे घ्यायचं का?" असं बाबांनी विचारलं. त्या प्रश्नाचं मी शोधलेलं उत्तर म्हणजे हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

ही भानगड नेमकी काय आहे?

अमेरिकेत हे पॅकेज डीलरच्या फायनान्स ऑफिसात, कर्जाच्या कागदांवर सह्या करताना विकलं जातं. आपल्याकडे ते दोन रूपांत भेटतं. एक म्हणजे गाडीच्या विम्याला जोडलेलं 'टायर प्रोटेक्ट' अ‍ॅड-ऑन कव्हर. दुसरं म्हणजे डीलरचं किंवा गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस पॅकेज. दोन्हींची नावं सारखी वाटली तरी कागद वेगळे आणि अटीही वेगळ्या. म्हणून पहिला प्रश्न हा : "ही विम्याची पॉलिसी आहे की तुमची स्कीम?" विमा असेल तर त्यावर आयआरडीएआयचे नियम लागू होतात आणि तक्रार करायला जागा असते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. टायरचं कव्हर पूर्णपणे ऐच्छिक आहे. डीलर विमा विकतो तो आयआरडीएआयच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांखाली, आणि त्याच्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही.

आपला नेहमीचा विमा टायरला काय देतो?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. "फुल इन्शुरन्स आहे, म्हणजे टायरही आलाच!" तसं नाही. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काहीच मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, आणि तेही नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच. बहुतेक 'झिरो डेप' कव्हरमध्येही टायर-ट्यूब वगळलेल्या असतात. टायर कंपनीची साधी वॉरंटी असते ती उत्पादनातल्या दोषासाठी, खड्ड्यासाठी नव्हे.

म्हणजे सेल्समन म्हणतो ती फट खरोखरच आहे. पण ती बुजवायला किती मोजायचे, हा खरा मुद्दा.

टायर निकामी होतो कसा?

टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, रबराखाली दोऱ्यांचा थर असतो. चाक खड्ड्याच्या कडेवर जोरात आदळलं की ती कड आणि रिम यांच्या चिमट्यात साइडवॉल सापडते आणि आतले दोरे तुटतात. मग तिथे हवेच्या दाबाने फुगा येतो. हा फुगा दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. हवा कमी असेल तर हा चिमटा आणखी सहज बसतो.

आता टायरवरचे आकडे वाचा. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. म्हणून साइडवॉल झाली सुमारे १२० मिमी. १६५/८० आर १४ मध्ये ती १३२ मिमी येते, तर २२५/४५ आर १७ मध्ये फक्त १०१ मिमी. उशी जेवढी पातळ, तेवढा धक्का सरळ रिमला. मोठ्या अलॉय व्हीलवरचा चपटा टायर दिसतो झकास, पण खड्ड्यात नाजूक. उंच साइडवॉल आणि साधं स्टीलचं रिम बरंच सोसतं. स्टीलचं रिम वाकलं तर बहुतेक वेळा ठोकून सरळ करता येतं, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो.

आमच्या भागाचं म्हणाल तर नगर-मनमाड रस्त्यावर रोजची अवजड वाहतूक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि पावसाळ्यात खड्डे. पण नागापुरातल्या पंक्चरवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "फुगा आलेला टायर अधूनमधून येतो. खिळा, स्क्रू आणि लोखंडाची चिप घुसलेला मात्र रोजच!" साहजिकच आहे, एमआयडीसी आहे ना! आणि गंमत म्हणजे टायर कव्हरमध्ये साधं पंक्चर सहसा येतच नाही. जे रोज होतं ते कव्हरबाहेर, जे क्वचित होतं त्याचे हप्ते.

आता गणित मांडू

आपण सेकंड इयरला प्रोबॅबिलिटी शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. इथे ती कामाला येते. सूत्र सोपं आहे :

पॅकेजची किंमत ÷ एका टायरमागे खरोखर मिळणारे पैसे = पैसे वसूल व्हायला किती टायर निकामी व्हायला हवेत.

'खरोखर मिळणारे' हे शब्द महत्त्वाचे. बऱ्याच कव्हरमध्ये टायर किती झिजला आहे यावर भरपाई ठरते. नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिमी खोल असतात आणि कारसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे. टायर झिजत जातो तशी भरपाई घटते, हप्ता मात्र घटत नाही.

समजा, छोट्या गाडीचा टायर ५,००० रुपयांचा आणि भरपाई सरासरी ८० टक्के, म्हणजे ४,०००. पॅकेज ७,००० चं. ७,००० ÷ ४,००० = १.७५. तीन वर्षांत जवळपास दोन टायर पूर्ण वाया गेले तर बरोबरी! त्यातून हे ७,००० कर्जात टाकले, ९ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर एकूण भरणा होतो सुमारे ८,७२०. म्हणजे कव्हर तीन वर्षांत संपतं आणि त्याचा हप्ता पुढे दोन वर्षं चालू राहतो.

आता मोठी गाडी घ्या. टायर १४,००० चा, भरपाई ११,२०० आणि पॅकेज १२,००० चं. इथे उत्तर येतं १.०७. एकच टायर गेला की बरोबरी जवळ येते, आणि रिमही कव्हरमध्ये असेल तर एका मोठ्या खड्ड्यातही पैसे वसूल होऊ शकतात. (या किमती उदाहरणासाठी धरल्या आहेत. तुम्ही तुमच्या कोटेशनचे आकडे घाला.)

आमच्या गाडीला १४ इंची स्टीलची रिम्स आहेत. मी हे गणित वहीच्या पानावर मांडून बाबांना दाखवलं. त्यांनी ती ओळ खोडायला सांगितली आणि ७,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवले. टायर गेला तर पैसे तयार, नाही गेला तर पैसे आपलेच.

पण हे सगळ्यांना लागू नाही. ज्याला एकदम १४,००० काढणं जड जाईल, ज्याची गाडी चपट्या टायरची आहे आणि जो रोज खराब रस्त्यावरून लांब जातो, त्याने कव्हर घेतलं तर ते शहाणपणाचंच आहे. विमा फायद्यासाठी नसतो, न पेलणारा खर्च पेलण्यासाठी असतो.

सही करण्याआधी विचारा

१. कव्हरमध्ये रिम आहे की फक्त टायर?
२. फुगा, कट आणि टायर फुटणं, तिन्ही येतात का?
३. वर्षाला किती टायरची मर्यादा आहे?
४. भरपाई झिजेप्रमाणे घटते का? त्याचा तक्ता दाखवा.
५. क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो का? (हा बोनस २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो, छोट्या क्लेमसाठी तो घालवणं महागात पडतं.)
६. हेच कव्हर थेट विमा कंपनीकडून घेतलं तर किती, १८ टक्के जीएसटीसकट?

उत्तरं तोंडी नकोत, कागदावर मागा. आणि कव्हर घ्या किंवा न घ्या, टायर थंड असताना हवा नियमित तपासा. योग्य दाबाचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. चिमट्यातून साइडवॉल वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही!