घरच्या घरी चिल्ला

पोरी, चाळिशीनंतर गाणं पुन्हा हाती घेते आहेस, तर मावशीचं थोडं ऐकून ठेव. जुने गवई आणि तबलजी चिल्ला करायचे. 40 दिवस एका जागी राहायचं आणि रियाजाशिवाय दुसरं काही करायचं नाही. तुला नोकरी आहे, घर आहे, 4 दिवस निघाले तरी पुष्कळ. मात्र ते सलग हवेत. रोजच्या अर्ध्या तासाने गळा गंजत नाही एवढंच. आवाज मोकळा व्हायचा तर त्याच सुरावर सकाळ-संध्याकाळ परत परत यावं लागतं.

मे महिन्यात वर्ध्यात याचं नावही काढू नकोस. पारा 45 च्या घरात असतो. कूलर लावला की त्याच्या घरघरीत तंबोरा ऐकू येत नाही, आणि बंद केला की जीव घाबरा होतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि कापसाची धांदल, तेव्हाही तुला कोणी सोडणार नाही. संक्रांत होऊन गेल्यावर शुक्रवार ते सोमवार धर. घरात आठवडाभर आधी सांग, आणि मोघम नको, कोणत्या वेळी तू कोणालाच सापडणार नाहीस ते सांग. त्या 4 दिवसांत तर्रीपोहे बंद. दुपारी वरण-भात, भाकर, जवसाची चटणी बेतानेच घे. खिचडी रात्री, गाणं झाल्यावर. पोट गच्च असलं की श्वास खाली उतरत नाही.

मधली खोली घे. फरशीवर सतरंजी टाक, दाराला गोधडी अडकव. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि आपण फार छान गातोय असं वाटत राहतं. तो घुमारा घालवल्याशिवाय स्वतःचा खरा सूर कानावर पडायचा नाही.

शुक्रवारची पहिली सकाळ तंबोऱ्याला दे. पंचम, जोडीच्या दोन तारा षड्जाच्या, मग खर्ज, सावकाश मिळव. सूर मिळाला तरी तार ठक्क बोलत असेल, तर घोडीवर तारेखालचा सुती दोरा बघ. नखाने केसभर पुढे सरकव, तार छेड. पुन्हा मागे घे, छेड. एका ठिकाणी झणकार एकदम उघडतो आणि सुराला शेपूट फुटल्यासारखी आस लांबत जाते. तिथे हात काढायचा. मोबाइलवरचा तंबोराही चालेल, त्यात उणेपणा नाही. पण फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर आलापाच्या मधेच ऑफिस येऊन बसेल.

पट्टी आजच्या गळ्याची घे. मध्यमाची परीक्षा दिलीस तेव्हा काळी पाचवर गात होतीस म्हणून आज तिथून सुरू करायचं नाही. वयाबरोबर आवाज थोडा उतरतोच. मंद्र पंचम जिथे आरामात लागतो आणि तार षड्जाला मान ताणावी लागत नाही, ती तुझी पट्टी. पहाटे खर्ज लावताना आधी ओठ मिटून गुणगुण, मग आकार. घसा ओढला जातोय असं वाटलं की त्या क्षणी थांब.

राग एकच. मी तुला भूप देते. सा रे ग प ध, पाचच सूर, त्यामुळे लपायला जागा नाही. रोज सकाळी देशकार नुसता ऐक, गाऊ नकोस. सूर तेच पाच, पण तिथे धैवताचं राज्य, आणि संध्याकाळच्या भूपात गंधाराचं. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलीस की देशकार डोकावतो. म्हणून गंधारावर ये, थांब, श्वास घे, पुन्हा गंधारावरच ये. बंदिश एकच, विलंबित नको, मध्य लयीतली. ताना नकोतच. चार दिवसांत ताना बसवायला जाशील तर गंधारही जाईल हातचा.

शनिवारी भूपाआधी सेवाग्रामला जा, जवळच तर आहे. 1936 पासूनच्या गांधीजींच्या त्या आश्रमात उघड्यावर सायंप्रार्थना होते. गाणारे गवई नसतात. प्रार्थना ठरल्या वेळी सुरू होते, आवाज एकमेकांत मिसळतात, कोणी पुढे पुढे करत नाही. अशा प्रार्थनांची आश्रम भजनावली सिद्ध केली ती नारायण मोरेश्वर खऱ्यांनी, विष्णु दिगंबरांच्या शिष्याने. साबरमतीच्या आश्रमात त्यांनी गळा नसलेल्यांनाही सुरात आणलं. हौशी माणसाने बघण्यासारखं मोठं काम मला तरी हेच वाटतं. मैफल गाजवण्याचं स्वप्न बाजूला ठेवून तिथे नुसती बस आणि आपला आवाज इतरांच्या आवाजाखाली ठेवून गा.

रविवारी रात्री गावातल्या भजनी मंडळात जा. तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्याकडे अजून वाजते. लय पायात उतरते ती तिथे, तबला मशीनसमोर बसून नाही. मागच्या रांगेत बस, टाळ घे, झील धर.

सोमवार मौनाचा. गांधीजी सोमवारी मौन पाळत. तू गळ्यासाठी पाळ, कारण 3 दिवस वापरलेल्या गळ्याला बोलण्यानेही शीण होतो. शुक्रवार आणि रविवार संध्याकाळचा भूप मोबाइलवर भरून ठेवलेला असेल. तो तोवर ऐकायचा नाही. सोमवारी दुपारी दोन्ही लागोपाठ ऐक. चुका दहा दिसतील, कागदावर एकच लिही, जी दोन्ही दिवशी झाली ती. गंधार खाली राहतो, सम निसटते, जे असेल ते. मौन सुटलं की तो कागद घेऊन गाण्याच्या शिक्षकांकडे जा आणि विशारदचं, परीक्षेचं काही न बोलता सांग, मला एवढंच दुरुस्त करून द्या.