गावचे सांडपाणी : मुरवावे की तळ्यात घ्यावे?

सभासद बंधु-भगिनींनो,

दर अंकात आम्ही उसाच्या पाळ्यांविषयी लिहितो. या वेळी गावच्या सांडपाण्याविषयी लिहीत आहोत, कारण त्यात आमचीही एक चूक झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी कार्यक्षेत्रातील एका गावात घरोघर शोषखड्डे घेतले गेले. "घ्या बिनघोर" असे ग्रामसभेत आम्हीच सांगितले होते. उन्हाळा बरा गेला. श्रावणात मात्र खड्डे तुडुंब भरले, पाणी उलटून अंगणात आले आणि जवळच्या हापशाच्या पाण्याला वास मारू लागला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाचे शोषखड्डे नावाजले, म्हणून ते सगळीकडेच जमतील असे आम्ही धरून चाललो. जमीन तपासलीच नाही.

आधी जमीन पाहावी. खड्डा जिथे घ्यायचा तिथे, खड्ड्याच्या खोलीपर्यंत उतरून, तळाशी फूटभर लांब-रुंद-खोल असा लहान खड्डा काढावा. तो पाण्याने भरून रात्रभर ठेवावा. सकाळी पुन्हा पाणी घालून घड्याळ लावावे. एक इंच पाणी अर्ध्या तासाच्या आत मुरले तर शोषखड्डा चालेल. तासाभरातही मुरले नाही तर खड्ड्याचा नाद सोडावा. मुरमाड जमिनीत पाणी झटकन मुरते. पाटाच्या पाण्याखालच्या भारी काळ्या जमिनीत, विशेषतः पावसाळ्यात, ते मुरत नाही. भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान सहा फूट खाली आणि विहीर वा हापसा निदान ५० फूट लांब हवा.

हिशोब करावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे मान माणशी रोज ५५ लिटर आहे. दोन हजार वस्तीला १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. त्यातले साधारण ७५ हजार लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते. तीन इंचाच्या पाळीला एकराला सुमारे तीन लाख लिटर पाणी लागते. म्हणजे चार दिवसांचे सांडपाणी ही एका एकराची एक पाळी झाली! आज हेच पाणी ओढ्यात जाऊन डास वाढवते.

तळे कसे असावे? जिथे पाणी मुरत नाही तिथे गटारीचे पाणी उताराच्या बाजूला, वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून लांब, तळ्यात घ्यावे. खोली चार ते पाच फूट ठेवावी, म्हणजे ऊन पोचते. उन्हात शेवाळ वाढते, शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. वीज लागत नाही, मोटार लागत नाही. पाणी दहा दिवस थांबावे म्हटले तर वरच्या गावाला सहा-सात गुंठे जागा पुरे. बांध धरून थोडी जास्त लागेल. तळ्याचे एकापुढे एक तीन कप्पे करावेत. तोंडाशी जाळी आणि गाळाचा खड्डा ठेवावा. काठचे गवत कापावे, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. तळ्याचा तळ चिकणमातीने चोपून घ्यावा, नाहीतर पाणी झिरपून विहिरीला लागेल.

पथ्ये. संडासाचे किंवा सेप्टिक टाकीचे पाणी या गटारीत सोडू नये. तळ्यातले पाणी ऊस, चारा, झाडे यांना द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीला कदापि नको. साबण-सोड्यामुळे या पाण्यात सोडियम असतो. नुसते हेच पाणी देत राहिल्यास काळी जमीन चोपण होईल. म्हणून पाण्याची तपासणी करावी, विहिरीच्या पाण्याबरोबर आलटून-पालटून द्यावे आणि शेताचा निचरा मोकळा ठेवावा.

ज्या गावात आम्ही चुकलो तिथे आता गायरानात तळ्याची जागा पाहिली आहे. आपल्या गावात खड्डे घेण्याआधी गटाच्या चिटबॉयला निरोप द्यावा. फूटभर खड्डा आणि घड्याळ घेऊन आम्ही येऊ. सल्ला त्यानंतर देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी