पिझ्झा आधी काट्यावर ठेवा

डाएटच्या ग्रुपमधून काढलं त्याचं मला काही वाटत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पूर्ण फी भरून घेतलेल्या बाईला अर्ध्या बॅचमधून काढणं हा कुठला न्याय, एवढंच विचारायचं राहून गेलं.

दर शनिवारी आमच्या मॅडम ‘डाएट पिझ्झा’ विकायच्या. वयानं माझ्या भाचीएवढी मुलगी, पण ग्रुपचा नियम म्हणून मॅडम. मल्टिग्रेन बेस, भरपूर भाज्या आणि फोटोवर ठळक अक्षरांत ‘फक्त 250 कॅलरी’. नेहमीच्या पिझ्झाहून महाग, तरी आम्ही सगळ्याजणी मागवायचो. त्यांच्यावर विश्वास ठेवायचेच तर पैसे भरले होते!

वजन मात्र हलेना. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काकू, तुमचं चालणं कमी पडतंय.” रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या बाईला हे ऐकवायचं!

एका शनिवारी खोका उघडला तर तळाचा कागद तेलानं पारदर्शक झालेला. तेव्हाच डोक्यात आलं. लाडवाच्या मापांसाठी घेतलेला काटा काढला, पिझ्झा गरम असतानाच वरचं चीज सुरीनं खरवडलं, त्याला चिकटलेले मक्याचे दाणे वेचून बाजूला केले, सॉस जमेल तेवढा पुसला आणि वाटीत तोललं. 95 ग्रॅम. मोझरेला 100 ग्रॅमला साधारण 300 कॅलरींचं असतं. म्हणजे नुसतं चीजच 280च्या घरात. पिझ्झा 250चा आणि चीज 280चं! मग खालचा बेस काय उणे तीस कॅलरींचा होता?

ग्रुपवर मी अगदी सभ्यपणे विचारलं. उत्तर आलं, “काकू, 250 हा एका सर्व्हिंगचा आकडा आहे. सर्व्हिंग म्हणजे पाव पिझ्झा.” त्याच्या वरच त्यांनीच टाकलेला पिझ्झ्याचा फोटो होता, ‘खास एकटीसाठी’ असं लिहिलेला. तोच परत टाकला, तर म्हणे, “इतकं मोजत बसलात तर खाण्यातला आनंद जातो.” मोजून खा हे सांगायचेच तर ही बाई पैसे घेत होती! खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात आमच्याच सोसायटीतली एक, जिला मी डिंकाचे लाडू पोचवले होते. पाच मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर.

असो. आता घरी करते आणि जे कळलं ते फुकट सांगते.

पहिली गोष्ट, मैद्याला झोडपणं थांबवा. मैदा, कणीक, ज्वारीचं पीठ, सगळी 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. ओट्स तर थोडे जास्तच. कणकेत तंतू जास्त, पोट जरा वेळ भरलेलं राहतं, शुगरवाल्यांना ते बरं. पण कॅलरी त्यानं कमी होत नाहीत. मल्टिग्रेनच्या नावाखाली आमच्याकडून जादा पैसे घेतले ते याचेच.

फ्लॉवरच्या बेसचंही तसंच. फ्लॉवर 100 ग्रॅमला जेमतेम 25 कॅलरी, हे खरं. पण तो धरून राहावा म्हणून त्यात अंडं आणि मूठ मूठ चीज घालतात, की आलो परत मूळपदावर.

खरा खेळ चीज, तेल आणि बेसची जाडी यांचा. तेल ग्रॅमला 9 कॅलरी, पीठ चारहूनही कमी. पोह्याचा मोठा चमचा भरून तेल ओतलं की सव्वाशेच्या आसपास गेल्या. पॅन पिझ्झाचा बेस खालून खमंग लागतो, कारण तो तेल लावलेल्या पॅनमध्ये जवळजवळ तळला जातो.

माझं माप असं: 250 ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), 160 मिली पाणी, अर्धा लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, एक लहान चमचा मीठ. तेल नाही, साखर नाही. मळून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी घाईघाईत फुगवलेल्या पिठापेक्षा चव कितीतरी चांगली येते आणि पातळ लाटताना पीठ आक्रसत नाही. लाटायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा. यात तीन पिझ्झे होतात.

घरचा ओटीजी फार तर 250 अंशांपर्यंत जातो, नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा साडेचारशेच्या वर दीड मिनिटात होतो. तेव्हा त्यांच्यासारखा करायच्या नादी लागू नका. बिडाचा तवा कडक तापवा, लाटलेला बेस टाका, खालून डाग पडले की उलटा आणि भाजलेल्या बाजूवर सगळं मांडा. आच मंद करून झाकण ठेवा. चीज वितळलं की झालं.

सॉस बाटलीतला नको, केचप तर नकोच. टोमॅटो किसून, लसूण ठेचून घालून घट्ट होईपर्यंत आटवा. मशरूम आधी कोरड्या तव्यावर परतून पाणी उडवा, नाहीतर बेसचा लगदा होतो. ढोबळी मिरची, कांदा हवा तेवढा घाला.

चीज 40 ग्रॅम, तोलून. ‘अंदाजे’ म्हटलं की हात सैल सुटतो. त्यातलं 10 ग्रॅम जरा खारट, मुरलेलं चीज घेतलं तर कमी चीजमध्येही चव उठून येते. लो-फॅट चीज मला पटलं नाही, रबरासारखं होतं. आणि पनीर म्हणजे हलकं असं समजू नका, म्हशीच्या दुधाचं पनीर मोझरेलाच्याच पंक्तीला बसतं. मेयोनीजचं तर नाव काढू नका, एका मोठ्या चमच्याला शंभरेक कॅलरी.

बाकी सावकाश खा, चावून खा, आधी काकडी-गाजर खा, बरोबर कोल्ड्रिंक नको. हे सगळ्यांनाच माहीत असतं. यासाठी फी भरू नका.

एवढं करून नऊ इंची अख्खा पिझ्झा पाचशेच्या आसपास पडतो. वरून ब्रशनं फिरवलेलं चमचाभर तेल धरून. होय, पाचशे. अडीचशेचा हवा असेल तर अर्धा खा. त्याला दुसरी युक्ती नाही, आणि कुणी आहे म्हणालं तर पाकीट सांभाळा.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी लिहिण्याचं बंधन 2022 पासून आहे. तिथेही आकडा एका सर्व्हिंगचा असतो, म्हणून शेजारी सर्व्हिंग केवढं लिहिलंय ते बघा. घरगुती विकणाऱ्यांवर ती सक्ती नाही, तेव्हा त्यांना थेट विचारा, “या कॅलरी किती ग्रॅमच्या?” उत्तर ग्रॅममध्ये आलं तर खुशाल मागवा. ‘अहो काकू’नं सुरू झालं, तर ऑर्डर रद्द करा.