किल्ली कोणाच्या हाती?
(मंडळीची वाढ व पुढारीपण – एक अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये ६:१–७, निर्गम १८:१३–२६, २ तीमथ्य २:२

नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली येथे स्थिरावली. पुरुष यंत्रमागावर किंवा कापडाच्या छपाईत काम करतात. घरी स्त्रिया साड्यांना लेस व टिकल्या लावतात. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपली मराठी उपासनाही बरोबर आणली. डिंडोलीतील अशाच एका लहान मंडळीत आम्ही काही वर्षे सेवा केली. तेथे आमच्या हातून घडलेली चूक आरंभीच सांगणे बरे.

उपदेश आम्हीच करीत असू, गीतेही आम्हीच निवडीत असू. शब्बाथशाळा, आजाऱ्यांच्या भेटी, दानाचा हिशेब, उपासनेच्या खोलीची किल्ली, सर्व आमच्याकडेच. लोक म्हणत, "भाऊ किती झटतात!" ते ऐकून आम्हांस बरे वाटे. मग एका पावसाळ्यात विषमज्वराने आम्ही तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. तिन्ही रविवारी उपासना झाली नाही. किल्ली आमच्या उशाशी होती, पण ती मागावयास कोणी आले नाही. आम्ही मंडळी वाढवीत आहोत असे समजत होतो. वास्तविक आम्ही तिला आमच्यावर टेकून राहण्याची सवय लावली होती.

त्या आजारपणात आम्ही वरील शास्त्रभाग पुन्हा वाचले. त्यांतून तीन गोष्टी शिकावयास मिळाल्या.

१. कुरकुर ऐकून घ्यावी

यरुशलेमेतील मंडळी वाढत असताना ग्रीक भाषा बोलणाऱ्या हेल्लेणी लोकांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी त्यांना गप्प बसविले नाही. त्यांनी सर्वांस एकत्र बोलाविले आणि सात माणसे निवडण्याचे काम मंडळीवरच सोपविले. त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ही सर्व नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, बहुधा त्यांच्याच भाषेच्या लोकांवर मंडळीने विश्वास टाकला!

परभाषी शहरात राहणे म्हणजे काय, हे डिंडोलीतील मराठी माणसास सांगावयास नको. पण आपल्या मंडळीतही उपेक्षित आहेत. घरी अहिराणीच बोलणारी म्हातारी, रातपाळी करून आलेला तरुण, गुजराती शाळेत शिकल्यामुळे मराठी बायबल अडखळत वाचणारे मूल. यांना आपण कधी विचारतो काय?

२. काम वाटावे, पण पारखून

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो याने सांगितले की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मात्र कोणासही नेमावे असे त्याने म्हटले नाही. देवाला भिणारे, सत्यप्रिय व लाचेचा द्वेष करणारे पुरुष त्याने निवडावयास सांगितले. प्रेषितांनीही भोजनाच्या व्यवस्थेसाठी पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी माणसे मागितली. देवाच्या घरी वाढप्याचे काम हलके नाही. म्हणून दान दोघांनी मोजावे आणि दरमहा हिशेब मंडळीपुढे वाचावा. त्यात अविश्वास नाही. त्यामुळे सेवकाचे नाव निष्कलंक राहते.

३. पुढच्यास शिकवावे

पौलापासून तीमथ्य, त्याच्यापासून विश्वासू माणसे, त्यांच्यापासून इतर. एकाच वचनात चार पायऱ्या आहेत. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. १९१९ साली ते प्रभूकडे गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांची भक्तिगीते मात्र आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात, कारण ती सर्वांच्या मुखी झाली होती. एवढ्या थोर पुरुषाचे असे झाले, तर आपली काय कथा?

बरे झाल्यावर आम्ही मंडळीची क्षमा मागितली. लेस लावण्याचे काम करणाऱ्या एका भगिनीच्या हाती किल्ली दिली. एका तरुणास शास्त्रवाचन दिले. तो मराठी वचने गुजराती लिपीत वहीत उतरवून आणी आणि ती वाचताना घामाघूम होई. "भाऊ, तुम्हीच वाचा ना," असे काहींनी म्हटले. मोह झाला, पण आम्ही खाली सतरंजीवरच बसून राहिलो. पुढे गावी एका मयतीस जावे लागले, तेव्हा उपासना वेळेवर झाली. त्याच तरुणाने ती चालविली. आमची उणीव फारशी भासली नाही, हे ऐकून प्रथम मनाला लागले. मग आम्ही देवाचे आभार मानले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाची कुरकुर आपण ऐकलेली नाही?
२. आपण तीन रविवार आलो नाही, तर कोणते काम बंद पडेल? ते आजपासून कोणास शिकवाल?
३. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी सांगावे : आपल्या वर्गातील कोणते मूल उद्या शिक्षक होऊ शकेल?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हातातील किल्ली तुझीच आहे. ती दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य व नम्रता आम्हांस दे. आमेन.