घरपोच शेतमाल विक्री : पार्सलच्या खर्चाचा हिशेब

हळद पावडर, बेदाणा, काजू, गूळ, पापड-कुरडई असा टिकाऊ माल मोबाईलवर मागणी घेऊन थेट ग्राहकाच्या घरी पाठविणारे शेतकरी व महिला बचत गट आता गावोगावी आढळतात. यातील बऱ्याच जणांनी ही विक्री सन २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू केली. मधल्या साखळीतील नफा आपल्या पदरात पडावा, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र बाजार समितीत होणारी कपात पट्टीवर लिहिलेली असते, तशी ती पार्सलच्या धंद्यात एका जागी दिसत नाही. काही मोठ्या कुरिअर कंपन्या दर वर्षी १ जानेवारीपासून दरवाढ जाहीर करतात. त्यावर इंधन अधिभार वेगळा लागतो आणि एकूण रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. मोठा व्यापारी हजारो पार्सलांच्या जोरावर दर पाडून घेतो. दिवसाला पाच-दहा पार्सले पाठविणाऱ्याला मिळेल तो दर द्यावा लागतो. म्हणून हिशेब आपणच नीट मांडला पाहिजे.

वजन कोणते धरतात?

भुसकटाने टेम्पो शिगोशीग भरतो, पण काट्यावर वजन येत नाही. तरीही टेम्पोवाला भाडे पूर्ण घेतो. कुरिअरचेही तसेच आहे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात व त्यास साधारणपणे ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोमधील ‘आकारमानी वजन’. हे वजन व काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. समजा, एक किलो कुरडई ३० × ३० × २० सें.मी. खोक्यात भरली, तर गुणाकार १८,००० येतो आणि आकारमानी वजन ३.६ किलो होते. म्हणजे एक किलो मालासाठी साडेतीन किलोहून अधिक वजनाचे भाडे! कुरडई दाबून भरता येत नाही. आमच्या मते ती दूरवर पार्सलने विकण्याची वस्तू नव्हेच. जवळच्या शहरात, प्रदर्शनात किंवा ओळखीच्या दुकानात ती द्यावी. गुळाची अडचण उलट आहे. तो जागा कमी व्यापतो, पण किलोची किंमत कमी असल्याने भाडे मालाच्या किमतीच्या जवळपास जाते. हळद पावडर, बेदाणा, काजू हा कमी जागेत अधिक किमतीचा माल पार्सलला सोयीचा.

अर्ध्या किलोचे पाकीट

भाडे बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारले जाते. येथेच अनेकांचे नुकसान होते आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही. ५०० ग्रॅम हळदीचे पाकीट खोक्यात घातले की एकूण वजन ५७० ग्रॅमच्या आसपास भरते. टप्पा ओलांडला जातो आणि भाडे एक किलोचे पडते.

उदाहरण घेऊ. यातील दर केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत. त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत. पाकीट घरपोच २२० रुपयांस विकले. हळद व दळण मिळून ९० रुपये आणि पॅकिंग १६ रुपये असा १०६ रुपये खर्च झाला. पूर्वी अर्ध्या किलोच्या टप्प्यास ३० रुपये भाडे होते. दोन टप्प्यांचे ६० रुपये व कर धरून ७० रुपये ८० पैसे झाले आणि हाती ४३ रुपये २० पैसे उरले. आता तेच भाडे ४० रुपये झाले, तर कर धरून ९४ रुपये ४० पैसे होतात आणि उरतात फक्त १९ रुपये ६० पैसे. भाडे एक तृतीयांशाने वाढले, पण शिल्लक निम्म्याहूनही खाली आली. या रकमेत घरच्या माणसांची मजुरी धरलेलीच नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हळद घरची आहे म्हणून तिची किंमत शून्य धरू नये. त्या दिवशी बाजार समितीत जो भाव मिळाला असता तो धरावा. नाहीतर पार्सलमध्ये नफा झाल्यासारखे वाटते व प्रत्यक्षात तो हळकुंडाचाच पैसा असतो.

आता ५०० ऐवजी ४५० ग्रॅमचे पाकीट करावे व खोक्याऐवजी जाड कुरिअर पिशवी वापरावी. एकूण वजन ४८५ ग्रॅमपर्यंत राहते व एकच टप्पा लागतो. विक्री २०० रुपये, हळद व दळण ८१, पिशवी ९ व भाडे करासह ४७ रुपये २० पैसे. शिल्लक ६२ रुपये ८० पैसे. ग्राहकालाही किलोमागे जवळपास तोच दर पडतो. पाकिटावर निव्वळ वजन ४५० ग्रॅम असे ठळक छापावे, म्हणजे तक्रारीस जागा राहत नाही.

परत येणारे पार्सल

पार्सल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत दिल्यास मागणी वाढते, हे खरे. पण ग्राहक घरी नसतो किंवा त्याचे मन बदलते आणि माल परत येतो. वरील ५०० ग्रॅमच्या पाकिटात दहांपैकी एक परत आले आणि परतीचे भाडेही तेवढेच असले, तर १८८ रुपये ८० पैसे वाया जातात. उरलेल्या नऊ पाकिटांचा नफा होतो १७६ रुपये ४० पैसे. म्हणजे एका परतीने नऊ ग्राहकांची कमाई गेली आणि वर १२ रुपये ४० पैसे खिशातून गेले! म्हणून नव्या ग्राहकाकडून पैसे आगाऊ घ्यावेत आणि पत्ता, पिनकोड फोनवर विचारून खात्री करावी.

‘मोफत घरपोच’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. राज्यातील व राज्याबाहेरील घरपोच किंमत वेगवेगळी ठेवावी. एकाच सोसायटीतील चार-पाच घरांनी मिळून मागणी दिल्यास थोडी सूट द्यावी. पाच किंवा दहा किलोचे पार्सल रस्तामार्गे पाठविल्यास किलोमागे भाडे बरेच कमी पडते. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने सर्व सभासदांची पार्सले एकत्र दिल्यास दराबाबत बोलणी करता येतात. एकट्याला ते साधत नाही.

दर ठरविताना टपाल कचेरीत चौकशी जरूर करावी. देशी वाणांच्या बियाण्यांच्या पुड्या रजिस्टर पोस्टाने पाठविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, सन २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे पुडीमागे धरलेला जुना टपालखर्च आता लागू पडत नाही. ज्या शहरात ग्राहक स्थानकावर येऊन माल नेऊ शकतो, तेथे एस.टी.ची पार्सल सेवा सोयीची पडते. कोकणातून आंब्याच्या पेट्या याच रीतीने वर्षानुवर्षे येत आहेत.

पार्सल देण्यापूर्वी ते काट्यावर ठेवून, आकडा व बाजूला धरलेली मोजपट्टी दिसेल असा फोटो काढून ठेवावा. कुरिअरच्या गोदामात पुन्हा वजन होते आणि ते जास्त दाखविल्यास फरकाची रक्कम नंतर कापली जाते. अशा वेळी हा फोटो जोडून मुदतीत हरकत नोंदवावी; मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून आठवड्यातून एकदा बिल उघडून प्रत्येक पार्सलचे वजन आपल्या वहीशी ताडून पाहावे.