चार्ज झालेली धूळ

आमच्या अनसिंगला सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की अर्धं गाव शिंकतं. घरचा टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा. सकाळी पुसला तरी संध्याकाळी काचेवर थर. शेजारच्या कपाटाची काच मात्र तेवढी मळत नाही. धूळ तीच, फरक चार्जचा. (पुस्तकात ‘प्रभार’, पण आम्ही कॉन्व्हेंटवाले चार्जच म्हणणार!)

अंतराळात तर धुळीची चार्जपासून सुटकाच नाही. तिथे सगळीकडे प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. धुळीच्या कणावर दोघंही आदळतात. पण इलेक्ट्रॉन हलके, चपळ. ते आधी पोचतात आणि कण निगेटिव्ह होतो. मग तो पुढच्या इलेक्ट्रॉनांना ढकलतो, आयनांना ओढतो. दोन्ही प्रवाह सारखे झाले की चार्ज स्थिरावतो. ऊन मात्र हा हिशोब उलटवतं. अतिनील किरणं कणातले इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि कण पॉझिटिव्ह होऊ शकतो. इलेक्ट्रॉनचा चार्ज कधी बदलत नाही, धुळीचा बदलतो. मला तरी या विषयाची खरी गंमत इथेच वाटते.

आता थोडं गणित, कंटाळू नका. १ मायक्रॉन त्रिज्येच्या कणावर दर व्होल्टला सुमारे ७०० इलेक्ट्रॉनांइतका चार्ज बसतो. घनता पाण्याच्या अडीचपट आणि व्होल्टेज ५ धरलं, तर चंद्रावर हा कण अधांतरी ठेवायला मीटरला साधारण ३० व्होल्टचं क्षेत्र लागतं. त्रिज्या दहापट कमी करा. चार्ज दहापट घटतो, वजन हजारपट! आता ०.३ व्होल्ट पुरे.

म्हणजे चंद्रावरची बारीक धूळ तरंगते का? जानेवारी १९६८ मध्ये सर्व्हेयर-७ च्या कॅमेऱ्याने सूर्यास्तानंतर क्षितिजालगत उजळ रेघ टिपली, ती अशाच धुळीची मानली गेली. पण २०१३-१४ मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या लाडी यानाला उंचावर तशी दाट धूळ सापडली नाही. माझ्या हिशोबात एक गोष्ट धरलेलीच नाही: बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. आधी ते सुटायला तर हवेत.

कणावर किती इलेक्ट्रॉन आदळतील हे तिथल्या प्लाझ्माच्या दाटीवर ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रमवरील ‘रंभा’ उपकरणाने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात ती मोजली. प्राथमिक आकडा घनमीटरला ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड, पण प्लाझ्मा म्हणून अगदी विरळच.